मुलांची भीति आणि मोठ्यांची करमणूक

करमणुकीचीं उद्यानें हीं अलीकडे आपल्या मध्यम वर्गाचीं नवीं तीर्थक्षेत्रें होऊन बसलीं आहेत. पूर्वीं मुलाची मुंज झाली, परीक्षा पार पडली किंवा मामा परगांवाहून आला म्हणजे देवदर्शनाचा बेत होत असे. आतां त्याच निमित्तांनीं मोटार भाड्यानें ठरवून साऱ्या घरानें एखाद्या उद्यानाच्या फाटकाशीं सकाळीं रांग धरावयाची असा शिरस्ता पडला आहे. शाळांच्या सहली तिकडे जातात, कारखान्यांचे वार्षिक मेळावे तिकडे भरतात, आणि जो मुलगा अद्याप तेथें गेला नाहीं त्याची वर्गांतील इतर मुलें कींव करतात. या धंद्याची जाहिरात करणारे लोक 'सहकुटुंब आनंद' असा शब्दप्रयोग करीत असतात. आमचें भांडण आनंदाशीं नाहीं, उद्यानाशींहि नाहीं; तें या 'सहकुटुंब' शब्दाशीं आहे. कारण तेथें मुख्यत्वेंकरून जिचा विक्रय होतो ती वस्तु भीति ही आहे. आणि ती विकत घेणारा व ती भोगणारा हे एकाच कुटुंबांतील दोन निराळे इसम असतात. पहिल्याची उंची साडेपांच फूट असते व दुसऱ्याची साडेतीन, एवढाच काय तो फरक आहे असें ज्यांना वाटतें त्यांच्यासाठीं हा लेख आहे.

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें पाळण्यांविरुद्ध लेखणी उचलली म्हणजे त्याला बहुधा चक्कर येत असावी, असा तर्क तरुण वाचक करतील. तो निराधार आहे. जत्रेंतल्या रहाटपाळण्यांत बसण्याची हौस आम्हांला अद्याप आहे. वर गेल्यावर देवळाचा कळस, नदीचें वळण आणि रसाच्या गुऱ्हाळाभोंवतीं जमलेली गर्दी हीं एकदम दृष्टीस पडतात तो क्षण आम्हांला अजूनहि आवडतो. जत्रेंतील पाळणा निर्धोक असतो असेंहि आमचें म्हणणें नाहीं. रातोरात उभारलेला तो सांगाडा नव्या उद्यानांतील यंत्रांपेक्षां अनेकदां जास्तच धोक्याचा असतो. तेव्हां जुन्या काळाचें रडगाणें येथें कोणी अपेक्षूं नये.

भीति विकण्याची कल्पनाहि आजची नाहीं. रशियांत सेंट पीटर्सबर्गच्या आसपास लांकडी सांगाड्यांवर पाणी गोठवून बर्फाच्या उंच घसरगुंड्या करीत व त्यांवरून हौशी लोक घसरत. त्यावरून पुढें निघालेल्या गाड्यांना फ्रेंच लोक 'रशियन डोंगर' म्हणतात आणि रशियन लोक त्यांनाच 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात. हें अपत्य आपलें, असें सांगावयास कोणतेंच राष्ट्र फारसें उत्सुक दिसत नाहीं. १८८४ सालीं न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथें लामार्कस टॉमसन यानें अशा चढउतारांची गाडी लोकांसाठीं बसविली. तिचा वेग ताशीं सुमारें सहा मैल आणि भाडें पांच सेंट. आपल्याकडील टांग्याचें घोडेंहि मनांत आणल्यास याहून जोरानें धांवेल. तरी लोकांनीं गर्दी केली, कारण मुक्कामाला पोंचण्यासाठीं कोणीच बसत नव्हतें.

परंतु या विद्येचा खरा मर्मज्ञ म्हणजे जॉर्ज टिल्यू. त्यानें १८९७ सालीं कोनी आयलंडवर स्टीपलचेस पार्क काढलें. लांकडी घोड्यांची शर्यत संपली कीं बाहेर पडण्याचा मार्ग एका रंगमंचावरून काढलेला असे. तेथें जमिनींतून एकाएकीं वाऱ्याचा झोत येऊन बायकांचे झगे उडत, आणि विदूषक विजेची काठी टोंचून पुरुषांना उड्या मारावयास लावी. समोर बांकें मांडलेलीं असत. त्यांवर बसून पोट धरून हंसणारे प्रेक्षक कोण, तर थोड्याच वेळापूर्वीं त्याच मंचावरून गेलेले. आपली फजिती विसरावयाची असेल तर दुसऱ्याची पाहत बसावें, हें मनुष्यस्वभावांतील गुपित टिल्यूला सांपडलें होतें, आणि त्याचा त्यानें भरपूर पैसा केला. १९०७ सालीं त्याचें उद्यान जळालें तेव्हां धुमसणारे अवशेष पाहावयास दहा सेंट पडतील असा फलक त्यानें लाविला!

त्याच्याच शेजारीं १९०४ सालीं ड्रीमलँड नांवाचें उद्यान उघडलें होतें. त्यांत 'नरकद्वार' या नांवाची एक नावेंतील सफर असे. १९११ च्या मे महिन्याच्या २७ तारखेस उत्तररात्रीं तिची दुरुस्ती चालू असतांना दिवे गेले, अंधारांत डांबराची बादली लवंडली आणि खोट्या नरकांतून खरी आग निघाली. सारें ड्रीमलँड भस्म झालें व पुन्हां कधीं उभें राहिलें नाहीं. (त्याच उद्यानांत अपुऱ्या दिवसांचीं अर्भकें उबेच्या पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवीत असत, व त्या पैशांतून त्यांची शुश्रूषा होई, कारण त्या काळीं बहुतेक इस्पितळांत त्यांची कोणी दाद घेत नसे. आगींतून तीं सर्व सुखरूप बाहेर काढण्यांत आलीं. कोनी आयलंडनें मुलांसाठीं केलेलें हें एकच काम आम्हांला मनापासून कौतुकास्पद वाटतें, आणि त्यांत मुलांना भिवविण्याचा भाग नव्हता.)

या धंद्याला स्वच्छ, सभ्य आणि सहकुटुंब रूप दिलें तें वॉल्ट डिस्ने यांनीं. आपल्या मुली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्यें फिरत्या घोड्यांवर बसत असतां आपण बांकावर दाणे खात बसून असूं, आणि आईबापांना व मुलांना मिळून मौज करतां येईल अशी एखादी जागा असावी असें तेथें आपल्या मनांत आलें, अशी हकीकत ते सांगत. हेतु चांगला होता. त्यांच्या उद्यानाचा पहिला दिवस, म्हणजे १७ जुलै १९५५, हा मात्र पुढें 'काळा रविवार' म्हणून ओळखला गेला. सुमारें अठ्ठावीस हजार लोक आंत शिरले, त्यांतील कित्येक बनावट तिकिटांवर. नळकाम करणाऱ्यांचा संप नुकताच झालेला, म्हणून पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे. आणि नवें डांबर उन्हानें मऊ होऊन बायकांच्या बुटांच्या टांचा त्यांत रुतत होत्या. पण हे सारे पहिल्या दिवसाचे गोंधळ होत, त्यांचें भांडवल आम्ही करीत नाहीं. आमचें लक्ष आहे तें त्याच उद्यानांतील, त्याच दिवसापासूनच्या एका गाडीकडे. हिमगौरीच्या गोष्टीवरील ही गाडी खास लहान मुलांसाठीं होती. तींत योजना अशी कीं, गाडींत बसणारें मूल हेंच हिमगौरी. त्यामुळें त्या देखाव्यांत हिमगौरी कोठें दिसेना, आणि अंधारांतून चेटकीण वारंवार पुढें येई ती थेट मुलाच्याच अंगावर. लोक विचारीत कीं, हिमगौरी कोठें आहे. आणि मुलें रडत. १९८३ सालीं गाडीच्या नांवांतच 'भीतिदायक' हा शब्द घालण्यांत आला, म्हणजे आईबापांना आगाऊ सूचना मिळावी. २०२१ सालीं ती सर्वच बदलून सौम्य करण्यांत आली. पहिल्या रडण्यापासून या बदलापर्यंत सहासष्ट वर्षें लागलीं. तेवढ्या अवधींत रडणाऱ्यांचीं नातवंडें रडूं लागलीं असतील.

या ठिकाणीं आमच्याच व्यवसायांतील कोणी पंडित भरतमुनीची साक्ष काढील. भयानक हा रस आहे, भय हा त्याचा स्थायिभाव आहे. मग भीतींत गोडी आहे ही गोष्ट आपल्या शास्त्रानें दीड-दोन हजार वर्षांपूर्वींच मान्य केलेली नाहीं काय? मान्य केली आहे, पण ती गोडी कोणाला, हेंहि शास्त्रानें सांगितलें आहे. अभिनवगुप्तानें भयानकाचें उदाहरण म्हणून शाकुंतलाच्या आरंभींचें तें धांवणारें हरिण घेतलें. मान वळवून मागें पाहत पळणाऱ्या त्या जिवाच्या भयाची गोडी नाट्यगृहांत बसलेल्या सहृदयाला लागते. हरिणाला लागत नाहीं. आयरिश लेखक बर्क यानेंहि १७५७ सालच्या आपल्या प्रबंधांत हेंच निराळ्या वाटेनें सांगितलें: संकट फार जवळ येऊन भिडलें तर तें केवळ भयंकर असतें, कांहीं अंतर राहिलें तरच त्यापासून आनंद होतो. आतां करमणुकीच्या उद्यानांत हें अंतर कोणापाशीं असतें तें पाहा. बाप तिकीट काढतो, यंत्र कोणत्या कारखान्याचें तें त्याला ठाऊक असतें, भूत म्हणजे दरमहा पगार घेणारा कोणी गरीब नोकर आहे हेंहि तो जाणतो. तो सहृदयाच्या जागीं बसलेला असतो. मुलाला मात्र आपण खुशाल हरिणाच्या जागीं उभें केलेलें असतें. भूत खोटें असतें हें मुलालाहि सांगून कळतें. परंतु अंधारांत मानेला लागलेला थंडगार हात हा खराच असतो, व तो लागल्यावर सांगितलेलें आठवत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत आमच्या पुतण्याच्या कुटुंबाबरोबर मुंबईपासून फार दूर नसलेल्या अशा एका उद्यानांत जाण्याचा योग आम्हांला आला. उद्यानाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या कोठेंहि हेंच घडलें असतें. पुतण्याची मुलगी दहा वर्षांची. ती प्रत्येक गाडींत हौसेनें चढे व उतरतांच पुन्हां रांगेंत उभी राही. तिच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तिला जें हवें होतें तें मिळालें. मुलगा सात वर्षांचा, त्याची गोष्ट निराळी. भुताच्या वाड्याच्या दाराशीं त्यानें बापाचा सदरा धरला आणि अगदीं शांतपणें सांगितलें, "बाबा, मला आंत यायचं नाहीं. मी आजोबांजवळ बसतों." आजोबा म्हणजे आम्ही. समोरच्या बांकावर आम्ही सर्वांच्या पिशव्या सांभाळीत होतों, आणि त्याच्यासाठीं जागाहि करून दिली होती.

"अरे, वाघ ना तूं माझा?" पुतण्या म्हणाला. "एवढी बारकी पोरं जाताहेत बघ. तुझ्या तिकिटाचे पैसे भरलेत मी." दारावरचा नोकर हंसून म्हणाला, "साहेब, या घेऊन. बाहेर येतांना हंसत येईल." आम्हीं बसल्या जागेवरून "राहूं दे रे त्याला" असें सांगितलें, तेव्हां पुतण्या आदरानें आमच्याकडे वळला आणि "काका, तुम्हीच लाडावून ठेवलंय याला" असें बोलून मुलाला कडेवर घेऊन आंत गेला.

सहा-सात मिनिटांनीं तीं बाहेर आलीं. मुलाची चड्डी ओली झाली होती. तो रडत नव्हता. रडणें संपून उचकी लागली होती. बाहेरच्या दाराशीं एक दुकान, व त्यांत एका पडद्यावर आंतल्या अंधारांत घेतलेलीं छायाचित्रें लावलेलीं. आपल्या मुलाचें तोंड त्यांत वासलेलें, डोळे पांढरे, आणि मागें बाप दिलखुलास हंसत असलेला. चौकटीसह तीनशें रुपये. रांगेंतून बाहेर पडणारीं इतर माणसें पडद्याकडे पाहून हंसत होतीं. मुलानें पुढें जाऊन त्या चित्रांतील आपल्या तोंडावर पंजा ठेवला. पण पडदा उंच होता, म्हणून पंजा हनुवटीपर्यंतच पोंचला. छायाचित्र विकत घेतलें गेलें, आणि संध्याकाळपर्यंत तें सर्व आप्तांच्या मोबाइलवर जाऊन त्याला हंसऱ्या तोंडांचे अभिप्रायहि आले. टिल्यूचीं बांकें आतां प्रत्येकाच्या खिशांत आहेत.

पुढें चार महिने त्या मुलानें रात्रीं दिवा मालवूं दिला नाहीं. तें एक वेळ चालेल. मुलें लहानसहान कारणांनींहि अंधाराला भितात व वाढतां वाढतां तें जातें. आम्हांला लागलें तें निराळेंच. पूर्वीं हा मुलगा कारलें नको असेल तर 'नको' म्हणत असे, पाहुण्यांनीं मांडीवर घेतलेलें नको असेल तरी सांगत असे. आतां तो 'नको' म्हणण्यापूर्वीं बापाच्या तोंडाकडे पाहतो. शाळाशाळांतून आज आपण मुलांना शिकवीत असतों कीं, अंगाला कोणीं नको तसा हात लाविला तर मोठ्यानें 'नाहीं' म्हणा. आणि रविवारीं त्याच मुलाचें 'नाहीं' हें हंसण्यावारी नेण्यासाठीं आपण तिकीट काढतों.

पुतण्या दुष्ट नाहीं. मुलगा धीट व्हावा अशी त्याची इच्छा आहे, आणि या इच्छेचाच हे उद्यानवाले फायदा घेतात. म्हणून धीटपणाविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. आमच्या लहानपणीं विहिरींत पोहावयास शिकवीत तें पाठीला वाळका भोपळा बांधून. काठावरून ढकलून देणारेहि मामा असत, आणि तें त्यांचें करणें योग्यच होतें असा दाखला आम्ही देत नाहीं. पण खालीं पाण्यांत दुसरा मामा उभा असे. दुसऱ्या दिवशीं आपण किती वेळ तरंगलों हें मुलाला समजे, आठ दिवसांनीं दोरी सैल होई, आणि महिन्याभरांत भोपळा घरीं टांगला जाई. भीति जितकी कमी झाली तितकी विद्या हातापायांत उतरलेली असे. सिंहगड चढतांना, झाडावर चढतांना, सायकल शिकतांना हेंच घडतें. या गाड्यांत काय घडतें? मुलाला पट्ट्यानें जखडून टाकतात. त्यानें हात हलविला काय आणि न हलविला काय, गाडी जावयाची तेथेंच जाणार. करण्यासारखें, शिकण्यासारखें, चुकण्यासारखेंहि त्याच्या वांट्यास कांहीं येत नाहीं. डोळे मिटून संपण्याची वाट पाहणें एवढी एकच विद्या तेथें मिळते, आणि ती धीटपणाची आहे असें आम्हांला वाटत नाहीं.

आतां दुसऱ्या अंगाकडे वळूं, कारण तें अधिक गंभीर आहे. या उद्यानांत भीति आणि धोका यांची ताटातूट केलेली असते. भीति दर्शनी मांडतात, धोका मागच्या दारीं ठेवतात. परिणामीं मनुष्य भिऊं नये तेथें भितो आणि जेथें भ्यावें तेथें हंसत उभा राहतो. सिडनीच्या लूना पार्कमध्यें ९ जून १९७९ रोजीं भुताच्या गाडीस आग लागून सहा मुलें व एक बाप असे सात जीव गेले. न्यू जर्सीच्या एका मोठ्या उद्यानांत ११ मे १९८४ रोजीं भुताचा किल्ला जळाला, त्यांत आठ किशोरवयीन मुलें मेलीं. हा किल्ला म्हणजे एकमेकांस जोडलेले मालवाहू गाड्यांचे डबे. तात्पुरती रचना या सबबीवर कायम इमारतींचे आगीविषयींचे नियम त्यास लागू झाले नव्हते, आणि पाणी फवारण्याची व्यवस्था आंत नव्हती. पुढच्याच वर्षीं कंपनी न्यायालयांतून निर्दोष सुटली. धूर, अंधार, वांकडेतिकडे बोळ आणि आरडाओरडा हाच जेथील माल, तेथें खरा धूर कोणता आणि खरी किंकाळी कोणाची हें ओळखावें कोणीं?

आणि जीं यंत्रें भीतीच्या जाहिरातीवर चालत नाहींत त्यांची गोष्ट ऐका. ऑस्ट्रेलियांतील ड्रीमवर्ल्ड येथें नदीच्या प्रवाहांतून गोल नावेनें फिरण्याची एक सफर होती. घरांतील लहानथोरांनीं मिळून बसावें अशी, त्या उद्यानांतील सौम्य समजली जाणारी. २५ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिचा पंप बंद पडला, पाण्याची पातळी उतरली, एक नाव अडकली, मागून दुसरी येऊन आदळली, आणि चार माणसें मेलीं. नावेंतील दोन मुलें वांचलीं. पाणी उतरतांच सर्व कांहीं आपोआप थांबविणारें यंत्र तेथें नव्हतें, ही गोष्ट चौकशींत बाहेर आली. २०२० सालीं कंपनीस छत्तीस लाख डॉलर दंड झाला. इंग्लंडांत ऑल्टन टॉवर्स येथें २ जून २०१५ रोजीं याच्या उलट प्रकार झाला: तेथें यंत्र शहाणें होतें. पुढें रुळांवर एक रिकामी गाडी उभी आहे हें ओळखून त्यानें भरलेली गाडी थांबविली होती. पण यंत्रच चुकत असावें असें समजून कामगारांनीं त्याची सूचना बाजूस सारून गाडी सोडली. सोळा जण जखमी झाले, दोन तरुणींचा एकेक पाय कापावा लागला. पुढल्या वर्षीं पन्नास लाख पौंड दंड झाला.

आपल्या देशांत फार लांब जावयास नको. अहमदाबादेस कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ रोजीं झोके घेणारें यंत्र मधूनच मोडून खालीं आलें आणि दोन माणसें दगावलीं. राजकोट येथील खेळघरास २५ मे २०२४ रोजीं आग लागली. सुटीचे दिवस, शनिवारची संध्याकाळ, सवलतीचें तिकीट, पत्र्याची रचना, आंत इंधनाचा साठा, चालू असलेलें वेल्डिंग, आणि अग्निशमन खात्याची ना-हरकत नाहीं. सत्तावीस जण मेले, त्यांत मुलें होतीं. गुजरातच्या उच्च न्यायालयानें आपण होऊन दखल घेतली व ही आपत्ति मनुष्यनिर्मित असल्याचें सांगितलें. त्या घरांत भूत नव्हतें, चेटकीण नव्हती, मुलें हंसतखेळत आंत गेलीं होतीं.

आमच्या महाविद्यालयाची सहल कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका ठिकाणीं गेली असतां एक यंत्र वरच्या टोंकाला पोंचून थांबलें. वीस-पंचवीस मिनिटें चौदा विद्यार्थी पट्ट्यांत अडकून राहिले. अपघात झाला नाहीं, कोणास खरचटलेंहि नाहीं. पण तेवढ्या वेळांत खालून वर एक शब्दहि कोणीं सांगितला नाहीं. ध्वनिक्षेपकावर गाणीं चालूच होतीं. मध्येंच चार वाजतां नृत्याचा कार्यक्रम असल्याची घोषणा झाली. आम्हीं चालकास विचारलें, तो म्हणाला, "होईल सुरू, सर." केव्हां, कसें, कोण करणार, यांचें उत्तर त्यालाहि ठाऊक नसावें. उतरल्यावर एका विद्यार्थिनीनें सांगितलें कीं, उंचीची भीति वाटली नाहीं, ती तर आम्ही पैसे देऊन घेतली होती. भीति वाटली ती खालचे लोक आमच्याकडे पाहतसुद्धां नव्हते याची. साहित्याच्या वर्गांत जें आम्हांला तासभर बोलूनहि सांगतां आलें नसतें तें तिनें दोन वाक्यांत सांगितलें.

यावर आंकडे पुढें करण्यांत येतील, आणि ते खोटे नसतील. रस्त्यावर माणसें मरतात त्या मानानें अशा यंत्रांत मरणारे अगदीं थोडे. आम्ही हें मान्य करतों. धोका किती, हा आमचा प्रश्न नसून तो मोजतो कोण आणि सांगतो कोणाला, हा आहे. अमेरिकेसारख्या देशांत १९८१ सालीं कायदा करून कायम जागीं असलेलीं उद्यानें ग्राहकसुरक्षेच्या मध्यवर्ती आयोगाच्या कक्षेबाहेर काढण्यांत आलीं. फिरत्या जत्रांचे पाळणे मात्र आंतच राहिले. फ्लॉरिडा राज्यांत तर हजारांहून अधिक नोकर असलेल्या उद्यानांना सरकारी तपासणीच माफ आहे, त्यांनीं आपली आपण तपासणी करावयाची. म्हणजे मालक जितका मोठा तितका त्याच्यावरील डोळा बारीक. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनें अशा यंत्रांसाठीं मानकें ठरविलेलीं आहेत. परंतु फाटकावर आपण उभे राहतों तेव्हां डोळ्यांसमोर काय असतें? खाद्यपदार्थ आंत आणूं नयेत हा फलक, आणि तिकिटाच्या पाठीवर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलेलें कीं, कांहीं झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाहीं. यंत्र शेवटचें कोणीं व केव्हां तपासलें हें मात्र कोठेंच लिहिलेलें नसतें. मुलाची उंची मोजण्यासाठीं रंगविलेली पट्टी असते. त्याची इच्छा मोजण्याची सोय नसते.

जादा पैसे भरून रांग ओलांडण्याचें निराळें तिकीट, घरचें पाणी फाटकावर ओतून आंत दुप्पट दरानें घ्यावयास लावणारे पहारेकरी, भर उन्हांत दीड तास उभें राहून दीड मिनिटांत संपणारी मौज, यांविषयीं लिहूं लागलों तर पानें पुरणार नाहींत, आणि त्यांत नवें कांहीं नाहीं. आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक यंत्राच्या दाराशीं तपासणीची तारीख व तपासणाऱ्याचें नांव मराठींत लावलेलें असावें. भुताच्या घरास ठळक दिव्यांनीं दाखविलेली दुसरी वाट असावी, आणि आंत जाण्यापूर्वीं ती प्रत्येकास दाखवावी. गाडींत बसल्यावरहि पट्टा लावण्यापूर्वीं नोकरानें मुलाला, बापाला नव्हे, मुलाला विचारावें, आणि तें नको म्हणालें तर उतरवून पैसे परत द्यावेत. भेदरलेल्या मुलाचें छायाचित्र विकण्यास बंदी असावी. यांतील पहिल्या दोन गोष्टी सरकारनें करावयाच्या आहेत, तिसरी मालकांनीं. चौथीला कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं, आपण तीं चित्रें विकत घेतलीं नाहींत कीं दुकान बंद होईल.

शाळांच्या सहलींचा हंगाम आतां जवळ आला आहे. आमच्या परिचयाच्या एका मुख्याध्यापिकाबाई सहलीच्या आदल्या दिवशीं प्रत्येक मुलाला एक कोरा कागद देतात, व आपल्याला कशांत बसावयाचें नाहीं तें लिहून घेतात. कागद कोणास दाखवीत नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं त्याबरहुकूम मुलांना बसवितात. गेल्या सालीं तिसरींतल्या एका मुलीनें लिहिलें होतें कीं, मला कशांतच बसायचं नाहीं, फक्त हत्तींवर बसायचं आहे, पण पुष्कळ वेळां. बाईंनीं तिला हत्तींच्या चक्रावर पांच वेळां बसवून आणलें.